जपानास निघण्यापूर्वी

पूर्वी समुद्र ओलांडणाऱ्यास परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. आता ते निघण्यापूर्वीच घ्यावे लागते, इतकाच काय तो फरक! घरातील मुलगा, सून किंवा जावई कामानिमित्त दूरदेशी निघाला, की आजीबाईंच्या लाडवांपासून धाकट्यांच्या मागण्यांपर्यंत एकच धांदल उडते. आणि ज्या चार गोष्टींवाचून खरोखर अडावयाचे, त्याच नेमक्या विसरतात. सर्व देशांचा परामर्श एका लेखात घेणे शक्य नाही. म्हणून या महिन्यात जपान हा एकच देश घेतला आहे. मुंबईशी त्याचा व्यापार जुना आहे. निप्पॉन युसेन कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबईची आगबोट-वाहतूक सुरू केली, ती १८९३ साली.

प्रथम तारखांचा विचार करावा. एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंतचा सुट्ट्यांचा आठवडा, ऑगस्टच्या मध्यावरील पितरांचा 'ओबोन' सण आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी हे दिवस टाळावेत. त्या काळात बहुतेक कचेऱ्या बंद असतात व गाड्यांना अलोट गर्दी असते. तारखा ठरल्या, की व्हिसासाठी तिकडील कंपनीकडून निमंत्रणाचे पत्र आणि मुक्कामाचा दिवसवार कार्यक्रम मागवावा. हा अल्पमुदतीचा व्हिसा बैठका, बोलणी, करारमदार यांसाठी असतो. तेथे मोबदला घेऊन नोकरी वा काम करण्याची मुभा त्याने मिळत नाही, हे ध्यानात असावे. तेथे पोचल्यावर पासपोर्ट हॉटेलात ठेवून न जाता सदैव जवळ बाळगणे, हा परदेशी प्रवाशास कायद्याचाच दंडक आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे औषधांची पिशवी. आपल्या घरांत ही पिशवी प्रेमाने भरली जाते, कायदा पाहून नव्हे. आणि जपानात घोटाळा होतो तो येथेच. सर्दीवरील ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन हे द्रव्य दहा टक्क्यांहून अधिक असते, त्या नेण्यास तेथे मनाई आहे. खोकल्याच्या औषधात कोडीन एक टक्क्याहून अधिक असल्यास ते अमली पदार्थांत मोडते व त्यास आगाऊ परवानगी लागते. विजया, म्हणजे भांग, हिचा अंश असलेले आयुर्वेदिक औषध तर मुळीच नेऊ नये. 'आमच्याकडे हे सर्रास मिळते' हे उत्तर तेथील विमानतळावर चालत नाही. प्रसंगी अटकेची पाळी येते. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून अधिक न्यावयाची असल्यास तेथील आरोग्यखात्याचा दाखला निघण्यापूर्वीच मिळवावा लागतो. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्याने औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत, द्रव्यांची नावे लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत घ्यावी, आणि ही पिशवी हातातील सामानात ठेवावी.

फराळाच्या डब्यालाही असेच नियम आहेत. ताजी फळे, भाज्या, बी-बियाणे यांना वनस्पती-तपासणीचा दाखला लागतो. आपला हापूस जपानात २००६ पासून जाऊ लागला, तो वाफेची प्रक्रिया व तपासणी होऊन. घरची पेटी हातातून नेता येत नाही. भाजलेले पोहे, मेतकूट, लाडू असे शिजविलेले वा भाजलेले जिन्नस सोयीचे. तेथील जेवणात शाकाहाऱ्याची खरी अडचण 'दाशी' ही होय. हे वाळविलेल्या माशाचे पाणी कढणात, भाजीत, शेवयांच्या रश्श्यात असते. वर मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. म्हणून आपण काय खात नाही, हे जपानी भाषेत लिहिलेले कार्ड खिशात असावे व यजमानांना आधीच कळवावे. बौद्ध मठांतील 'शोजिन र्‍योरी' या पाकपद्धतीत मांसमासळी नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो; आपल्या चातुर्मासाची आठवण व्हावी असाच हा प्रकार!

यंत्रे वा नमुने घेऊन जाणाऱ्या कारखानदारांनी विजेची गोष्ट विसरू नये. तेथे घरगुती वीज १०० व्होल्टची, व प्लग दोन चपट्या पात्यांचा असतो. कारखान्यातील त्रिकला वीज साधारणतः २०० व्होल्टची असते; आपल्याकडे ती ४१५ व्होल्टची. शिवाय टोकियोकडे ५० व ओसाकाकडे ६० आवर्तने आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतली, त्याचा हा परिणाम. ५० आवर्तनांसाठी केलेला पंप ६० वर अधिक वेगाने फिरतो व मोटारीवर भार येतो. ग्राहक कोणत्या भागातला, हे नमुना बांधण्यापूर्वीच विचारावे.

भेटीच्या वेळी कार्ड उभे राहून दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे. घेतलेले कार्ड वाचून समोर मेजावर ठेवावे. त्यावर काही लिहू नये. एका बाजूस जपानी मजकूर छापलेला असल्यास उत्तम. आडनावापुढे 'सान' लावावे, मात्र स्वतःच्या नावापुढे कधीही नाही. बोलताना समोरचा 'हाय' म्हणाला, तर तो ऐकतो आहे इतकाच अर्थ घ्यावा. रुकार समजू नये. 'विचार करू' हा पुष्कळदा सौम्य नकारच असतो. तेथील पुष्कळ कंपन्यांत निर्णयाचा कागद टेबलाटेबलावरून शिक्के घेत फिरतो. यास्तव पहिल्याच भेटीत ऑर्डर पदरात पडली नाही, तर घरच्यांनी प्रवास वाया गेला असे मानू नये, व प्रवाशानेही उतावीळपणे न झेपणारी मुदत कबूल करू नये. त्या देशात दिलेला शब्द पाळणे हेच व्यापाराचे भांडवल समजतात. भेटवस्तू चारच्या संख्येत नसावी. 'चार'चा उच्चार तेथे मृत्यूच्या शब्दासारखा होतो. चहापाण्याची बक्षिशी तेथे देत नाहीत.

आता उरले ते घराचे. पासपोर्ट, तिकीट, विमा यांच्या प्रती व मुक्कामाचे पत्ते घरी एका पाकिटात असावेत. विम्याचे हप्ते, चेकबुक, वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी ही निघणाऱ्या माणसाखेरीज घरातील आणखी एकास ठाऊक असलीच पाहिजेत. एकत्र कुटुंबात 'कोणीतरी पाहील' या भरवशावर कोणीच पाहत नाही, असा अनुभव पुष्कळांस असेल. टोकियोचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आपल्या रात्री नऊला फोन केला, तर तेथे साडेबारा वाजून गेलेले असतात. म्हणून आपल्या सायंकाळी साडेपाचची, म्हणजे तेथील रात्री नऊची, वेळ ठरवून घ्यावी. अडचणीत पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक; आपला राजदूतावास टोकियोस व वकिलात ओसाकास आहे.

आणि ज्या घरातून सून वा मुलगी कामासाठी निघते, तेथील वडीलधाऱ्यांस एक विनंती. तिची पेटी भरण्यास सर्वांनी हात लावावा. पण जाण्यापूर्वीचे आठ दिवस तिला घरच्या कामांतून मोकळे करावे. मुलगा निघाला असता त्याला जी उसंत आपण न मागता देतो, तीच तिलाही मिळाली, तर निम्मी तयारी झालीच म्हणावयाची.