झाडू घेतला, धर्मशाळा विसरलो

मार्च 2023 मध्ये नागपुरात जी-20 च्या निमित्ताने सी-20 परिषद भरली. देशोदेशीचे पाहुणे येणार म्हणून भिंती रंगल्या, झाडांना दिव्यांच्या माळा लागल्या. त्याच महिन्यात पोलीस आयुक्तांनी कलम 144 खाली आदेश काढला. चौक, सिग्नल, फुटपाथ, दुभाजक इथे भीक मागायला बंदी. पाहुणे 20 ते 22 मार्च असे तीन दिवस होते. आदेश 30 एप्रिलपर्यंतचा होता.

माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना तो आदेश आवडला. ही शिकलेली माणसं, रमजानमध्ये जकात काढणारी, दिवाळीला गरिबांना फराळ वाटणारी. ‘शहर कसं मोकळं वाटतंय,’ असं ती म्हणत होती. मला त्या वाक्याबद्दल बोलायचं आहे, कारण आमच्या हिंगणा रोडवरही ते अधूनमधून ऐकू येतं. रस्त्याकडेला किंवा मोकळ्या प्लॉटवर चार पालं पडतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो येतो, खाली ‘यांना हटवा’. मग एक दिवस गाडी येते, ताडपत्र्या आणि भांडी भरून नेते, आणि गटावर अंगठ्यांची रांग लागते.

या लोकांची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. फुटपाथ चालण्यासाठी असतो. तो अडला की शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं एमआयडीसीकडे जाणाऱ्या ट्रकच्या चाकांजवळून चालतात. उघड्यावर शौच होते, चुली पेटतात, पावसाळ्यात डासांचा त्रास होतो. तक्रार करणाऱ्याला निर्दयी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काहीच सुटत नाही. मात्र ‘हटवा’ म्हणताना आपण जे गृहीत धरतो, ते तपासून पाहायला हवं.

पहिलं गृहीत, हे लोक बाहेरचे आहेत. 22 डिसेंबर 2024 च्या मध्यरात्रीनंतर पुण्याजवळ वाघोलीत एक डंपर फुटपाथवर चढला. तिथे झोपलेल्यांपैकी तीन जण गेले, त्यात दोन चिमुकली होती. सहा जण जखमी झाले. ही माणसं अमरावती जिल्ह्यातून बांधकामाच्या कामासाठी गेली होती. आपल्या विदर्भातली, आपली भाषा बोलणारी. पुण्याच्या फुटपाथवर मात्र तीच ‘बाहेरची’ होती. आपल्या रस्त्यावर पाल टाकणारा माणूसही कुठल्यातरी गावाचा ‘आपला’ असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

त्या अपघातानंतर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या चालकावर संताप झाला आणि तो योग्यच होता. पण कामासाठी आलेली माणसं लेकराबाळांसह फुटपाथवर का झोपली होती, हा प्रश्न लवकर मागे पडला. 1996 साली केंद्राने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. त्याच्या 34 व्या कलमाने काम चालू असेपर्यंत मजुरांना कामाच्या जागी किंवा जवळ फुकट तात्पुरता निवारा देण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली. म्हणजे पालाचा फोटो गटावर टाकण्याआधी एक चौकशी करता येते: ही माणसं कोणाच्या साइटवर राबतात? अनेकदा उत्तर आपल्याच शेजारच्या नव्या इमारतीत सापडेल.

दुसरं गृहीत, यांना कुठेही जागा दिली तरी ते परत येतात, म्हणजे त्यांना रस्ताच आवडतो. याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वी देऊन झालं आहे. 13 जुलै 1981 रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात झोपड्या पाडल्या, माणसं बसमध्ये बसवली. त्यात सेलमहून आलेला एक भूमिहीन मजूर होता. त्याला सेलमला पाठवलं, आणि तो मुंबईला परत आला. गावात काम असतं तर तो मुळात निघालाच नसता. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि ही माणसं गुन्ह्याच्या हेतूने नव्हे, नाइलाजाने तिथे राहतात. ती फुटपाथवर राहतात कारण काम जवळ आहे. दूर नेऊन टाकलं तर रोजी जाते, म्हणून ती परत येतात.

पण त्या निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही. हटवण्याआधी साधारणपणे नोटीस द्या, माणसाचं ऐकून घ्या, आणि या वस्त्यांना पावसाळा संपून 31 ऑक्टोबर उजाडेपर्यंत हात लावू नका, एवढंच म्हटलं.

त्यानंतरही हा माणूस कायद्याच्या फटीतच राहिला. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने हातगाडीवाल्याला दुसरीकडे हलवण्याआधी 30 दिवसांची नोटीस बंधनकारक केली. गाडीवर धंदा करणाऱ्याला संरक्षण मिळालं, रात्री त्याच गाडीखाली झोपणाऱ्याला नाही. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईवर निकाल दिला. पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस हवी. आमच्या समाजात त्याचं मोठं स्वागत झालं आणि का झालं हे वेगळं सांगायला नको. पण त्याच निकालात अपवाद आहे: रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे ज्याला भिंत आहे त्याला पंधरा दिवस, ज्याला फक्त ताडपत्री आहे त्याला त्यातलं काहीच नाही. आपल्या घरावर बुलडोझर येतो तेव्हा अन्याय दिसतो आणि पालावर येतो तेव्हा स्वच्छता दिसते, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

तिसरं गृहीत सगळ्यात मोठं. हटवलं की प्रश्न संपतो. हिंगण्यात राहणाऱ्याने तरी यावर विश्वास ठेवू नये. आपण नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहोत. इथे हिंगणा नगरपंचायत, तिथे वानाडोंगरी नगरपरिषद, मध्ये एमआयडीसी आणि वरून महानगर प्राधिकरण. शहराच्या चौकातून उठवलेला माणूस हवेत विरत नाही. तो काठाकडे सरकतो, जिथे काम आहे आणि मोकळी जागा आहे. आपण उठवलं की तो वाडीकडे किंवा बुटीबोरीकडे जाईल आणि तिथल्या गटावर त्याचा फोटो पडेल. मधल्या मध्ये त्याचं आधार कार्ड, रेशन कार्ड, पोरांची वह्या-पुस्तकं ताडपत्रीबरोबर जातात. शाळा सुटते ती वेगळीच.

निवाऱ्याचं गणित कागदावर अवघड नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता, दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक बारमाही निवारा, आणि तोही माणसं जिथे काम करतात त्या भागाजवळ. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाख होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही चोवीस निवारे हवेत. ‘हटवा’ असा अर्ज देणाऱ्या किती जणांनी ‘निवारा काढा’ असा अर्ज दिला आहे?

विदर्भाला हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नव्हती. गाडगेबाबा आपल्याच मातीतले. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालतं. त्यांचा झाडू आपण फोटोत घेतला, पण ज्या बाबांनी स्वतःसाठी घर बांधलं नाही त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई इथे मुक्कामाला जागा नसलेल्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, हे सोयीने विसरलो. बाबांच्या हातात झाडू होता तो रस्त्यावरची घाण काढायला. माणूस काढायला नव्हता.

आणि ताजुद्दीन बाबा? 1892 साली या अवलियाला नागपूरच्या पागलखान्यात टाकलं गेलं. पुढे राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून शकरदऱ्याला आपल्याकडे आणलं. आज सगळ्या धर्मांची माणसं ताजबागेत चादर चढवतात. तिथून परतताना सिग्नलवर दिसलेल्या फाटक्या माणसाची तक्रार करताना आपल्याला काहीच विसंगत वाटत नाही. जकात कोणाला द्यावी याच्या आठ प्रकारांत फकीर आहे, मिस्कीन आहे आणि वाटेवरचा मुसाफिरही आहे. आपल्या पूर्वजांनी मुसाफिरखाने बांधले ते याच समजेतून. आपण लंगर घालतो. एक वेळचं जेवण देतो, पण रात्र कुठे काढायची ते विचारत नाही.

मेट्रो आता लोकमान्य नगरला थांबते. दुसऱ्या टप्प्यात ती हिंगण्यापर्यंत येणार आहे. खांब उभे करायला, नव्या इमारती बांधायला मजूर लागतील आणि ते कुठेतरी झोपतील. तेव्हा आपल्याला तक्रार करायचीच असेल तर ती आधी करू. नगरपंचायतीला लेखी विचारू की निवाऱ्याची जागा कोणती. बिल्डरला घर बुक करतानाच विचारू की मजुरांची राहायची सोय दाखवा. पालं पडलीच, तर अर्जात ‘हटवा’ या शब्दाच्या पुढे आणखी एक ओळ घालू: कुठे, ते आधी सांगा. त्या ओळीवर उत्तर येईपर्यंत गटावरचा अंगठा खाली ठेवायला हरकत नाही.