बदलीची बाई

बाळंतपण म्हटले की आपल्या घरांत डिंकाचे नि अळिवाचे लाडू होतात, न्हाऊमाखू घालायला मावशी ठरतात आणि कचेरीतून भरपगारी रजा मंजूर होते. माझ्या भाचीला बँकेने सव्वीस आठवडे दिले, तेव्हा "एवढ्यानं काय होणार गं?" म्हणून आम्ही सगळ्याजणी हळहळलो होतो.

आमच्या इमारतीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंना सातवा महिना लागला, तेव्हा मात्र जिन्यात एकच चर्चा : बदलीची बाई कुठून आणायची? तो पेच बाईंनीच सोडवला. म्हणाल्या, "वहिनी, बदली मी बघून देते. पण माझं काम मोडू नका. सव्वा महिन्यानं येतेच मी." तेवढ्या दिवसांचा पगार बदलीला जाणार, हे उघडच होते.

आता पुढचे पाहा. डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. इथे सव्वा महिन्याने आई आमच्या मोरीत आणि मूल वस्तीतल्या खोलीत, शाळा बुडवून बसलेल्या थोरल्या बहिणीच्या मांडीवर. मग बाटली येते. पावडरीचा डबा महाग, म्हणून दूध पातळ करायचे. पाणी सार्वजनिक नळाचे, आणि बाटली रोज उकळायची तर गॅस जातो. हगवण लागायला आणखी काय हवे? वर आपण म्हणायला मोकळ्या, "या लोकांना समजच नाही!" समज असते हो. सुट्टी नसते.

आईच्या दुधाचे मोल या मुंबईला ठाऊक नाही, असे थोडेच आहे? शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दुग्धपेढी काढली. आशियातली ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इतर मातांनी दिलेले दूध तिथे निर्जंतुक करून पाजतात. पण रुग्णालयात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो, हे रोज पाहून त्यांनी १९९९ साली 'स्नेहा' ही संस्था काढली आणि काम वस्त्यांत नेले.

रजेची कथा त्याहून जुनी. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिविषयक विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ते उचलून धरले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे राष्ट्राच्याच हिताचे, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली कायदा झाला. १९६१ साली देशभराचा आला, बारा आठवड्यांचा. २०१७ साली त्याचे सव्वीस झाले. पण हे सारे कारखाने, दुकाने, कचेऱ्यांपुरते. चार घरी काम करणारीला मालक चार, म्हणजे रजेपुरता एकही नाही!

मी जिन्यात हिशेब मांडला. एका घरचा पगार दोन हजार धरला, तर तीन महिन्यांच्या रजेचे सहा हजार. वर्षभर साठवायचे तर महिन्याला पाचशे. "आणि पैसे घेऊन ती परत आलीच नाही तर?" एका वहिनींनी विचारले. मी म्हटले, "बँकेतल्या आपल्या भाच्या सगळ्या परत जातात का?" त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. बघू या.

पैशांचे ठरेल तेव्हा ठरो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. तेव्हा लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना, एवढे तरी विचारावे. पाण्याने भरलेली बादली उचलू देऊ नये. आणि महापालिकेच्या दवाखान्यात तपासणीच्या रांगेत तिची सकाळ जाते, त्या दिवशी भांडी आपण घासावी आणि खाडा मांडू नये.