विमा मृत्यूचा, संकट हप्त्याचे

तंजावरजवळच्या तिरुवैयारु येथे भाड्याने मोटार चालविणाऱ्याचे उत्पन्न भातपिकाच्या पैशावर आणि जानेवारीतील त्यागराज आराधनेच्या गर्दीवर अवलंबून असते. मेट्टूर धरणाचे पाणी प्रघाताप्रमाणे १२ जूनला सुटते. २०२४ मध्ये ते २८ जुलैला सुटले. गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा अशा वेळी कामी येईल, हा कर्जदाराचा समज असतो. हा विमा बहुधा मृत्यूपुरताच असतो. त्याची रक्कम कर्जात मिळविली, की तिच्यावरही व्याज. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांत विम्याचा खर्च वार्षिक दरात धरून वेगळा दाखवावा लागतो. त्यातून किंमत कळते. संरक्षण कशाला नाही, हे कळत नाही. ब्रिटनमध्ये हप्ता-संरक्षण विम्याच्या गैरविक्रीपायी बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली, हे आपल्या नियामकांनी विसरू नये.

तमिळनाडू विधानसभेने २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध विधेयक संमत केले; स्वागतार्ह खरे, पण तो हप्ता थकल्यानंतरचा उपाय. पीककर्जाची परतफेड हंगामाशी जोडलेली असते. त्याच पिकावर चालणाऱ्या गाडीच्या कर्जालाही हंगामी हप्ते असावेत, असे मला वाटते.