विश्लेषण : पिंजऱ्यातला ‘पहाडी पोपट’ येतो कुठून? तो पाळणे गुन्हा का?

मोठा, चटकन बोलायला शिकणारा म्हणून बाजारात ‘पहाडी पोपटा’ला मागणी असते. पक्षीनिरीक्षक त्याला करण पोपट (अ‍ॅलेक्झांड्राइन पॅराकीट) म्हणतात. हौसेखातर घरी आणलेल्या या पक्ष्याची जंगलातली संख्या मात्र घटते आहे.

ओळखायचा कसा?

नेहमीचा पोपट शेपटीसह साधारण ४० सेंटीमीटरचा. करण पोपट जवळपास ६० सेंटीमीटरचा. दणकट लाल चोच आणि खांद्यावरचा लाल पट्टा ही त्याची खूण. गळ्याभोवतीचे कडे फक्त नराला असते.

राहतो कुठे, खातो काय?

अफगाणिस्तानपासून व्हिएतनामपर्यंत त्याचा आढळ आहे. पानझडी जंगले, जुनी झाडे असलेल्या बागा, शेतशिवार येथे तो थव्याने वावरतो. मुंबईतही तो दिसतो. रानफळे, बिया, कोवळे कोंब हा त्याचा आहार. पळस, सावर, मोहाच्या फुलांतील मधुरसही त्याला आवडतो. पेरू आणि मक्यावर ताव मारत असल्याने शेतकऱ्यांचा मात्र त्याच्यावर राग असतो.

मग धोका कशाचा?

नोव्हेंबर ते एप्रिल हा त्याचा विणीचा हंगाम. मादी झाडाच्या ढोलीत दोन ते चार अंडी घालते. एवढ्या मोठ्या पक्ष्याला ढोलीही मोठी लागते आणि ती जुन्या झाडांतच मिळते. अशी झाडे तोडली जातात. उरलेल्या ढोल्यांतून पिल्ले काढली जातात. त्यासाठी ढोली फोडली, तर पुढच्या वर्षीची जागाही जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत हा पक्षी ‘संकटासमीप’ गटात आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची २ मध्ये आहे. त्याला पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

घरात पोपट असेल तर?

परस्पर सोडून देऊ नका. पंख कापलेला, हातून खायची सवय लागलेला पक्षी बाहेर तगत नाही. तो वन विभागाच्या ताब्यात द्या. राज्यात १९२६ ही वन विभागाची हेल्पलाइन आहे.

छापे पडतात, पिल्ले जप्त होतात. पण तोवर ढोली रिकामी झालेली असते. विकत घेणारा थांबला, तरच झाडावर चढणारा थांबेल. पोपट पाळणे हा जिव्हाळा नव्हे, हे आता घराघरांत मान्य व्हायला हवे.