श्वासाचे श्रम

आमच्या एका वाचकांनीं पत्रीं विचारिलें आहे, कीं श्वसनयंत्र रोग्यास श्वास पुरवीत असतां रोगी थकतो कां? प्रश्न मार्मिक आहे. २०२० सालच्या साथीपासून व्हेंटिलेटर हा शब्द घरोघरीं पोंचला. त्याचा व्यवहार मात्र फारसा कोणास उमगला नाहीं.

निरोगी मनुष्यास श्वासाचे श्रम जाणवतही नाहींत. शरीर वापरतें त्या प्राणवायूपैकीं शेंकडा ५ हून अधिक भाग सहसा त्यांत खर्चीं पडत नाहीं. फुप्फुस ताठर झालें किंवा श्वासमार्ग आकुंचित झाला, म्हणजे हाच खर्च कित्येक पटींनीं वाढतो. तो भार हलका करणें हें यंत्राचें काम. परंतु त्याची मांडणी चुकली तर भार उलट वाढतो, ही यांतील मेख होय.

रोगी श्वास ओढूं लागतांच यंत्रानें तें ओळखून हवा सोडावी, अशी योजना असते. ही जाणीव बोथट ठेविली तर रोगी ओढीत राहतो व यंत्र स्वस्थ बसतें. फाजील तीक्ष्ण ठेविली तर नळींत सांचलेलें पाणी हललें तरी तें श्वास देऊं लागतें! हवेचा वेग अपुरा असेल तर, धांवून आलेल्या तान्हेल्यास चिंचोळ्या नळीनें पाणी प्यावयास लावावें, तशी गत होते.

दमेकऱ्याची गोष्ट निराळी. पूरक, कुंभक, रेचक हे शब्द आमच्या वाचकांस नवे नाहींत. यंत्र पूरक करवितें. रेचक बहुधा फुप्फुसाच्या स्थितिस्थापकतेनेंच होतो. दम्यांत तो लांबतो. त्यास पुरता अवधि न देतां पुढील श्वास लादला, तर हवा आंत कोंडते, आणि त्या कोंडलेल्या दाबावर मात केल्यावांचून रोग्यास पुढचा श्वास मागतांही येत नाहीं. म्हणून डॉक्टर मिनिटाचे श्वास कमी करितात. नातलगांस वाटतें, हात आखडता घेतला. वस्तुस्थिति नेमकी उलट असते.

मग सगळेंच काम यंत्रावर कां सोंपवूं नये? २००८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, यंत्रावर १८ ते ६९ तास निश्चेष्ट राहिलेल्या श्वासपटलाच्या तंतूंची जाडी मोजली, तों त्यांचा छेद निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. इतक्या थोड्या अवधींत! यास्तव रोग्याकडे झेपेल तेवढें काम राखून ठेवितात.

घरच्यांनीं आंकडे न्याहाळण्यापेक्षां रोग्याकडे पाहावें. मानेचे स्नायु ताणले जातात काय, नाकपुड्या फुलतात काय, श्वास घेतांना पोट आंत ओढलें जातें काय? तसें दिसल्यास परिचारिकेस तत्काळ सांगावें. यंत्राच्या कळांस हात लावूं नये.