जुजुराण्याचें अरण्य

हिमाचल प्रदेशाच्या कुलू जिल्ह्यांत 'ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क' नांवाचें सुमारें ७५४ चौरस किलोमीटरांचें राखीव अरण्य आहे. १९८४ सालीं त्याची पहिली घोषणा झाली, १९९९ सालीं तें कायम झालें व २०१४ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. नकाशावर बोट ठेवून हें स्थळ दाखविणें सोपें. तेथील न्यायान्यायाचा निवाडा मात्र तितका सोपा नाहीं.

तीर्थन व सैंज या नद्यांच्या कांठानें वर चढावें तों देवदार व कैल मागें पडतात, खरसू लागतो, मग भूर्जवृक्ष येतात. याच भूर्जाच्या सालीवर एके काळीं ग्रंथ लिहिले जात. त्यापलीकडे उघडीं कुरणें. त्यांस तेथील लोक 'थाच' म्हणतात. कस्तुरीमृग, तपकिरी अस्वल, हिमबिबट्या यांचें हें घर. पण आमचें मन गुंतलें तें जुजुराणा पक्ष्यांत. नराची मान तांबडी आणि काळसर अंगावर पांढरे ठिपके. देवानें प्रत्येक पक्ष्याचें एकेक पीस घेऊन याला घडविलें, अशी तेथील समजूत आहे. २००७ पासून हा हिमाचलाचा राज्यपक्षी आहे.

वसंतांत हा पक्षी अंडीं घालतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत गांवकरी गुच्छी नांवाचें अळंबें व कडूसारख्या औषधी मुळ्या गोळा करावयास निघत. म्हणून त्यांस अटकाव करणें सर्वस्वीं चुकीचें होतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ब्रिटिश अमदानींत दप्तरीं नोंदलेले चराईचे व वनस्पती गोळा करण्याचे हक्क १९९९ सालीं मोबदला देऊन संपविण्यांत आले, आणि त्याच वेळीं पार्वती जलविद्युत्प्रकल्पासाठीं जीवा नाल्याकडील कांहीं भाग उद्यानाच्या हद्दींतून वगळण्यांत आला! मेंढराच्या खुरानें अरण्य दुखावतें, आणि सुरुंगानें दुखावत नाहीं काय? एकाच हद्दीस दोन मापें लावणें आम्हांस मुळींच पटत नाहीं.

तीर्थन खोऱ्यांतील कांहीं तरुण आतां प्रवाशांचे वाटाडे, हमाल व आचारी होतात. हें चांगलेंच झालें. पण ज्याचें वय मेंढरांमागें गेलें, त्या म्हाताऱ्यास ओझें उचलवत नाहीं. आणि त्याचा थाच तर हद्दीच्या आंत राहिला.