दोन अक्षरांची आज्ञा
— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला (मराठी)

'संगणकाच्या आज्ञा शिकणे हे आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचे काम नव्हे', असे मीही दोन वर्षांपूर्वी मोठ्या तोऱ्यात म्हणत असे. तो तोरा कसा उतरला ते आधी सांगतो.

आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मी टिपून घेत होतो. वहीतून काही, तर पुष्कळशा थेट तिच्या तोंडून ऐकत संगणकावर उतरवल्या. एकेका ओवीची एकेक फाईल. एके दिवशी जुन्या प्रती पुसाव्यात म्हणून एका मित्राने सांगितलेली आज्ञा टंकली : 'आरएम', पुढे तारांकन, पुढे जुन्या प्रतींचे शेपूट. तारांकन आणि शेपूट यांच्यामध्ये चुकून एक रिकामी जागा पडली. त्या जागेमुळे आज्ञेचा अर्थ झाला, 'येथील सर्व फाईली पूस'. यंत्राने एका शब्दाने विचारले नाही. 'आरएम'ने पुसलेले कचरापेटीतही जात नाही. पुढे आजी वारली. वहीत होत्या तेवढ्याच ओव्या आज माझ्यापाशी आहेत.

दोष यंत्राचा नव्हे. ज्या भाषेत मी हुकूम सोडला, ती भाषा मला येत नव्हती.

ही भाषा फार जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची सुरुवात केली. तेव्हा टेलिटाइपवर खडखडत एकेक अक्षर उमटे. म्हणून आज्ञाही तुटक, दोन-दोन अक्षरांच्या. 'एलएस' म्हणजे येथे काय आहे ते दाखव, 'सीडी' म्हणजे त्या कप्प्यात चल, 'सीपी' म्हणजे प्रत काढ, 'एमव्ही' म्हणजे हलव. 'ग्रेप' म्हणजे शेकडो फाईलींतून हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून दे. 'माहेर' हा शब्द कोणकोणत्या ओव्यांत येतो, हे सांगायला तिला क्षणही लागत नाही. १९७३ साली डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेतून 'पाइप' आला आणि एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या ओंजळीत पडू लागले. शब्द एकाखाली एक मांडा, 'सॉर्ट'ने क्रम लावा, 'युनिक'ने मोजा. कोणता शब्द किती वेळा आला ते समोर येते. आधी क्रम लावायचा, कारण 'युनिक'ला शेजारी शेजारी असलेलीच पुनरुक्ती दिसते. आमच्या शैलीविज्ञानाच्या तासाला याहून उपयुक्त साधन कोणते?

कोणी म्हणेल, आता यंत्रालाच साध्या मराठीत सांगावे, ते आज्ञा लिहून देते. खरे आहे. पण लिहून दिलेल्या कागदावर सही आपली असते. न वाचता अंगठा उठवणाऱ्याची जमीन कशी जाते, हे आपल्या गावांना नव्याने सांगायला नको. माझ्या मित्रानेही आज्ञा बरोबरच सांगितली होती. चूक ओळखण्याइतकी अक्षरओळख मला नव्हती, एवढेच.

म्हणून माझे मत असे की, प्रत्येक कलाविद्यार्थ्याने निदान दहा आज्ञा अर्थासह शिकाव्यात. व्याकरण न शिकता संस्कृत श्लोक घोकावेत, तशा मात्र घोकू नयेत. 'मॅन' ही आज्ञा दुसऱ्या कोणत्याही आज्ञेचा अर्थ सांगते. तिलाच पहिला गुरू मानावे. आणि पुसण्यापूर्वी तोच नमुना आधी 'एलएस'ला द्यावा. जी यादी दिसेल तीच पुसली जाणार आहे, हे डोळ्यांनी पाहावे, मगच 'आरएम' म्हणावे. हवे तर तिच्यापुढे 'उणे आय' लावावे, म्हणजे प्रत्येक फाईलीला ती विचारून पुसते.

आमच्या प्राध्यापकवर्गाला विनंती एवढीच, की प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यातला एक तास यासाठी द्यावा. एका तासात दहा आज्ञा सहज होतात. माझ्या आजीच्या ओव्या परत येणार नाहीत. पण तुमच्यापैकी कोणाच्या तरी आजीच्या ओव्या अजून फाईलींत सुखरूप असतील. त्यांची दुसरी प्रत आजच काढा. आज्ञा दोनच अक्षरांची आहे : 'सीपी'.